झोपलेला हरणटोळ, जागा चापडा

जुलैत आंबोलीला नाइट ट्रेलला गेलो होतो. गट सगळा पुण्याचा. साप पाहिलेले ते कात्रजच्या सर्पोद्यानात, काचेपलीकडून. पावसाची भुरभुर चालू होती. पहिल्याच वळणावर झुडपात काहीतरी हिरवं दिसलं आणि एक काका ओरडले, "हरणटोळ! टोप्या घाला, टाळूला चावतो!"

गाइड हसला. "काका, हरणटोळ आत्ता झोपलेला असतो. हा चापडा आहे. जागा आहे, जरा मागे व्हा."

घाटातल्या सदाहरित जंगलात ही गल्लत नेहमीचीच. दोघेही हिरवे, दोघेही झाडावरचे. दोघंही अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात.

हरणटोळ दोरीसारखा लांब, बारीक, तोंड टोक काढलेल्या पेन्सिलीसारखं. सरडे, बेडूक पकडायचे ते दिवसाढवळ्या. विष सौम्य, विषाचे दात जबड्यात मागे. टाळूची गोष्ट निव्वळ कंडी. रात्री तो बारीक फांद्यांवर सैल पसरलेला सापडतो. सापाला पापण्याच नसतात, त्यामुळे गाढ झोपेतही तो आपल्याकडेच बघतोय असं वाटतं.

चापड्याची तऱ्हा वेगळी. अंगाने आखूड, जाडसर. डोकं त्रिकोणी, मान एकदम बारीक, शेपटीचा फांदीला घट्ट विळखा. टॉर्चच्या उजेडात नीट पाहिलं तर डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खाच दिसते. तिच्यामुळे त्याला मिट्ट काळोखातही उंदराच्या अंगाची ऊब कळते. मग पळापळ कशाला? सावज येईपर्यंत तो तासन्‌तास एकाच जागी बसून राहतो. लोक इथेच फसतात. हलत नाही म्हणजे झोपलाय असं समजून मोबाइल थेट तोंडाशी नेतात. त्याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो, पण सूज आणि वेदना भयंकर. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष बनतं ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. चापडा त्यात नाही.

डोळ्यांवरून ओळखायचं म्हटलं तर हरणटोळाची बाहुली आडवी, चापड्याची उभी. पण अंधारात उभी बाहुली फाकते आणि जवळजवळ गोल दिसते. रंगावर तर जाऊच नका. मलबारी चापडा हिरवा असतो, तसा पिवळा आणि तपकिरीही असतो. त्यापेक्षा डोकं आणि अंगाची जाडी बघावी, तीही लांबूनच.

परतताना खरा हरणटोळही दिसला, पाण्याचे थेंब अंगावर घेऊन निवांत झोपलेला. गाइडने टॉर्च लगेच बाजूला वळवला. काकांनी टोपी मात्र गाडीत बसेपर्यंत काढली नाही.