इंट्रॉन-उत्परिवर्तन आणि आरएनए स्प्लायसिंग

इंट्रॉन-उत्परिवर्तन : जनुकाच्या इंट्रॉन या, नकलेतून कापून टाकल्या जाणाऱ्या, भागातला डीएनए-बदल. अशा बदलाने आरएनएची काटछाट चुकली, तर प्रथिन बिघडते, कमी बनते किंवा बनतच नाही.

जनुकाची नक्कल आधी सलग आरएनए म्हणून निघते. त्यातले इंट्रॉन कापून एक्सॉन (ठेवायचे तुकडे) सांधणे म्हणजे स्प्लायसिंग. जनुके अशी तुकड्यांत असतात हे फिलिप शार्प व रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १९७७ मध्ये दाखवले. १९९३ चे नोबेल त्यासाठीच. खानदेशी वाचकाला इथे जिनिंग आठवेल : सरकी बाजूला, रुई गाठीत. उपमा अर्धीच चालते. रुईत थोडी सरकी गेली तर भाव पडतो, एवढेच; आरएनएत एक अक्षर (ए, यू, जी, सी या चार घटकांपैकी एक) जादा राहिले तरी तीन-तीन अक्षरांनी होणारे पुढचे सगळे वाचन सरकते.

आरएनएत इंट्रॉन बहुधा जीयू या अक्षरजोडीने सुरू होतो आणि एजीने संपतो; कापण्याच्या खुणा याच. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात (गुणसूत्र ११) असे दोन इंट्रॉन आहेत. पहिल्याचे पहिलेच अक्षर बदलले, तर योग्य जोडणी बंद पडते. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या (बीटा ग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक रक्तविकाराच्या) मुळाशी सर्वाधिक आढळतो तो याच इंट्रॉनच्या पाचव्या अक्षराचा बदल, जीच्या जागी सी. त्यात कापण्याची खूण पुसत नाही, फिकी पडते. मग जवळच्या तीन फसव्या जागी काप बसतो आणि नीट आरएनए फार थोडा उरतो. भूमध्य प्रदेशातल्या, याच इंट्रॉनच्या ११० व्या अक्षराच्या बदलाची तऱ्हा उलटी : तिथे नवीच एजी तयार होते आणि इंट्रॉनची १९ अक्षरे आत राहून जातात.

नंदुरबार-धुळ्याकडे भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार आढळतो. त्याचा बदल याच जनुकाच्या एक्सॉनमधला. स्प्लायसिंग बिनचूक, प्रथिनच वेगळे. पण एका पालकाकडून सिकल व दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला, तर मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होतो. सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे थॅलेसेमियाचा वाहक (एकाच पालकाकडून बदल आलेला) तिच्यात ‘निगेटिव्ह’ ठरतो. एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीत) त्याचे हिमोग्लोबिन ए-२ (एक प्रकार) सहसा ३.५ टक्क्यांच्या वर दिसते. नेमके अक्षर डीएनए-तपासणीतच कळते, तेही इंट्रॉन वाचले तर. चीनमध्ये आढळणारा दुसऱ्या इंट्रॉनच्या ६५४ व्या अक्षराचा बदल केवळ एक्सॉन वाचणाऱ्या तपासणीतून निसटतो.