मज्जारज्जूच्या इजेनंतरचे आरोग्य आणि जीवनमान : ग्वाल्हेरच्या संदर्भात

पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाची प्रकृती पुढे कशी राहते, तो कसा जगतो आणि आपल्या जगण्याबद्दल त्याचे स्वतःचे मत काय असते, याचा अभ्यास करणारे संशोधनक्षेत्र. पुनर्वसनवैद्यक, मूत्ररोगशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या सीमेवर ते गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत वाढले. शरीराचे नियम सगळीकडे सारखेच. पण त्या शरीराला ज्या घरात, ज्या हवेत आणि ज्या माणसांत दिवस काढायचे असतात, ती गावोगाव वेगळी असतात. म्हणून ही नोंद ग्वाल्हेरमधल्या, विशेषतः लष्कर नावाच्या तिथल्या भागातल्या मराठी घरांना समोर ठेवून लिहिली आहे.

‘जीवनमान’ हा शब्द इथे राहणीमान या अर्थाने घ्यायचा नाही. घरात किती पैसा, किती खोल्या, हा प्रश्नाचा एक भाग झाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात केलेल्या व्याख्येनुसार आपल्या संस्कृतीत, आपल्या मूल्यांच्या चौकटीत आणि आपल्या अपेक्षांच्या तुलनेत माणूस स्वतःचे स्थान कुठे पाहतो, ते त्याचे जीवनमान. म्हणजे उत्तर देण्याचा अधिकार ज्याचे आयुष्य त्याचाच. ही साधी वाटणारी गोष्ट मान्य व्हायला वैद्यकाला बराच काळ लागला.

इजेचे स्वरूप : प्रौढ माणसाचा मज्जारज्जू सुमारे ४५ सेंमी लांब असतो आणि कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. मानेत इजा झाली तर हात-पाय चारही दुबळे होतात. छातीच्या किंवा त्याखालच्या पातळीवर झाली तर हात वाचतात. इजेची तीव्रता ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच श्रेणींत मोजतात. ‘ए’ म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या भागाशी जोडलेल्या, मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या खंडांतही जाणीव किंवा हालचाल उरलेली नाही. घरात बोलताना “त्याचे पाय गेले” एवढेच म्हटले जाते. पण पायांबरोबर लघवी-संडासावरचा ताबा, त्वचेची जाणीव, घाम येणे, रक्तदाब सांभाळणे आणि लैंगिक क्रिया यांवरही परिणाम झालेला असतो, आणि पुढचे आयुष्य कसे जाईल हे बहुतेकदा या न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरते.

रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे ही भारतातली दोन मोठी कारणे. उत्तर भारतात उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची पद्धत आहे, आणि कठडा नसलेल्या गच्चीवरून अर्धवट झोपेत पडणे हे रुग्णालयांच्या ओळखीचे कारण आहे. पडलेल्या माणसाला दोघांनी खांद्याला नि पायाला धरून रिक्षात घालणे त्याहून घातक ठरू शकते : अपूर्ण इजा तेवढ्यात पूर्ण होऊ शकते. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर उचलावे, एवढे तरी प्रत्येक मोहल्ल्यात चार जणांना ठाऊक हवे.

इतिहास : पहिल्या महायुद्धापर्यंत अशी इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. इजा त्यांना मारत नसे. शय्याव्रण (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि मूत्रमार्गातला संसर्ग मारत असे. बॉस्टनमध्ये डोनाल्ड मन्रो यांनी १९३० च्या दशकात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष चालवला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे कक्ष उघडला. रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, हा त्यांचा आग्रह. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी तिथेच व्हीलचेअरवरच्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचा उगम तोच. १९७२ मध्ये जॅक लॅपिडीस यांनी दाखवले की ठरावीक वेळाने स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करण्यासाठी ती निर्जंतुक नसली तरी चालते, स्वच्छ असली म्हणजे पुरते. निर्जंतुकतेपेक्षा मूत्राशय वेळेवर रिकामे होणे जास्त महत्त्वाचे, हे त्यामागचे तत्त्व. मूत्रपिंडे निकामी होऊन होणारे मृत्यू पुढच्या काळात बरेच कमी झाले, त्यात या एका बदलाचा वाटा मोठा आहे.

भारतात या कामाची सुरुवात करणाऱ्यांत स्वतः इजा झालेली माणसे पुढे होती. डॉ. मेरी व्हर्गीस यांना १९५४ च्या अपघातात पक्षाघात झाला. त्यांनी व्हीलचेअरवरून शस्त्रक्रिया केल्या, पुनर्वसनवैद्यक शिकून घेतले आणि वेल्लोरमध्ये १९६६ साली पुनर्वसन संस्था उभी राहिली. २९ मे १९६५ रोजी एव्हरेस्ट चढलेले मेजर हरिपाल सिंग अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागून जायबंदी झाले. दिल्लीतले इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे त्यांचे कार्य. पुण्याजवळ खडकीला जवानांसाठी १९७४ पासून पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे.

संशोधन काय सांगते : अमेरिकेत मिनेसोटात १९७३ मध्ये सुरू झालेल्या पाहणीने त्याच माणसांना दशकानुदशके पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. इजा मणक्यात किती वर आहे, यावरून माणसाचे समाधान फारसे सांगता येत नाही. काम, माणसांत ऊठबस आणि घराबाहेर पडणे यांवरून जास्त सांगता येते, हे या दिशेच्या अभ्यासांतून वारंवार पुढे आले. १९७८ चा ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास याहून प्रसिद्ध आहे, आणि तो नेहमी चुकीचा सांगितला जातो. लॉटरी लागलेले २२ आणि अपघाताने पक्षाघात झालेले २९ यांची त्यात तुलना होती. दोघे सारखेच सुखी निघाले, असे त्यात नाही. जायबंदी माणसांनी शून्य ते पाच या मापावर स्वतःला इतरांपेक्षा खाली, पण मधल्या रेषेच्या वर ठेवले. फरक होता; लोक कल्पना करतात तेवढा नव्हता.

ही कल्पना किती दूर असू शकते, हे १९९४ च्या एका अभ्यासात दिसले. तातडीच्या विभागात काम करणाऱ्यांना विचारले, अशी तीव्र इजा तुम्हाला झाली तर जिवंत असल्याचा आनंद वाटेल का? १८ टक्के ‘हो’ म्हणाले. इजा झालेल्यांनाच विचारले तेव्हा ९२ टक्के ‘हो’ म्हणाले. पहिल्या रात्री रुग्णाच्या आईला “आता काही उरलं नाही” असे सांगणारा माणूस कोणत्या गटात बसून बोलतो, याचा विचार प्रत्येक रुग्णालयाने करायला हवा.

किम अँडरसन यांनी २००४ मध्ये ६८१ जणांना विचारले : कोणती क्रिया परत आली तर तुमचे आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल? चारही अवयवांना पक्षाघात असलेल्यांनी हात आणि बोटे पहिल्या जागी ठेवली, फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक क्रिया. लघवी-संडासावरचा ताबा दोन्ही गटांत वरच्या क्रमात आला. चालणे पहिले नव्हते. आपल्याकडे मात्र घरातले सारे बळ, पैसा आणि नवस “चालता कधी येईल” या एका प्रश्नावर खर्च होतात. पंचविशीतल्या मुलाला संसार, मूलबाळ याविषयी कोणी विचारत नाही. वडील विचारणार नाहीत, डॉक्टरही बहुधा टाळतात. वास्तविक स्त्रियांची पाळी काही महिन्यांत सहसा पुन्हा सुरू होते आणि गर्भधारणा शक्य असते. पुरुषांनाही वैद्यकीय मदतीने पितृत्व शक्य असते. ही माहिती न मागता मिळायला हवी.

मोजमाप आणि भाषा : जागतिक आरोग्य संघटनेची २६ प्रश्नांची छोटी प्रश्नावली शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि परिसर अशा चार अंगांनी विचारते. मज्जारज्जू-इजेसाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तीनच प्रश्नांचा मूलभूत संच ठरला : गेल्या चार आठवड्यांत एकूण जगण्याबद्दल, शरीरप्रकृतीबद्दल आणि मनःस्थितीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात, शून्य ते दहा. २२ देशांतल्या बारा हजारांहून अधिक लोकांची पुढे सामुदायिक पाहणी झाली. त्यात भारत नव्हता.

ग्वाल्हेरच्या मराठी घरात हे तीन प्रश्न विचारणे वाटते तितके सोपे नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. प्रश्नावली दवाखान्यात हिंदीतून पुढे येते. शिवाय मराठीत ‘समाधानी असणे’ आणि ‘समाधान मानणे’ यांत अंतर आहे. समाधान मानणे हा आपल्याकडे संस्कार आहे. आठ गुण देणारी काकू तिची अवस्था सांगते आहे की तिचे वळण, हे आकड्यावरून कळत नाही. दुसरी अडचण उत्तर कोण देतो ही. “छान आहे हो आता, जेवतो-खातो,” असे आईच सांगून टाकते, आणि ज्याला विचारले तो मान खाली घालून बसतो. पाहणी करणाऱ्याने घरच्यांना चहापाण्याला आत पाठवून मग प्रश्न विचारावा.

हवा आणि घर : ग्वाल्हेरची हवा हा इथे स्वतंत्र विषय आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो ५ च्या खाली उतरतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या माणसाला इजेखालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, थंडीत तिथल्या रक्तवाहिन्या नीट आकुंचन पावत नाहीत. लू (उन्हाळ्यातला तप्त वारा) चालू असताना इतरांना बहुधा त्रासच होतो, त्याच्या अंगात ताप चढतो. कूलर, ओले फडके, पाण्याचा फवारा ही त्याची औषधेच. पाणी पिण्याचाही पेच असतो. नळी दिवसातून चार ते सहा वेळा घालायची, दर वेळी मूत्र साधारण अर्ध्या लिटरच्या आत राहावे, असे गणित बसवलेले असते. लूच्या दिवसांत पाणी वाढते, तेव्हा नळीच्या वेळाही वाढवाव्या लागतात. कपडे ओले होतील या लाजेने पाणीच तोडणारे पुष्कळ असतात, आणि तिथून संसर्ग नि मुतखडे सुरू होतात. थंडीत धोका उलटा. पायाशी ठेवलेली सिगडी, हीटर किंवा गरम पाण्याची पिशवी कातडी भाजून काढते आणि माणसाला पत्ता लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ आरशाने पाठ, माकडहाड आणि टाचा पाहणे आणि बसल्या जागी दर पंधरा-वीस मिनिटांनी दाब हलका करणे, याला पर्याय नाही.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्यावरच्या इजेत कधी एकाएकी डोके ठणकते, चेहरा लाल होतो, रक्तदाब भडकतो. बहुधा नळी अडकलेली असते किंवा पोट साफ झालेले नसते. अशा वेळी माणसाला आडवे न करता बसवायचे, कपडे सैल करायचे, नळी तपासायची आणि रक्तदाब उतरला नाही तर रुग्णालय गाठायचे.

लष्करातल्या जुन्या वाड्यांचे दगडी उंबरठे, उभे जिने आणि अंगणापलीकडचे भारतीय बैठकीचे संडास व्हीलचेअरला अडवतात. उतरत्या फळीचा रॅम्प आणि कमोड खुर्ची यांना उपचारांसाठीच्या एखाद्या परगावच्या फेरीपेक्षा कमी खर्च येतो, पण आधी फेऱ्या होतात. गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय (१९४६) आणि त्याला जोडलेले जयारोग्य रुग्णालय शहरातच आहे; पुनर्वसनासाठी अनेक जण दिल्लीला जातात, काही पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे. परत आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. बहुधा आई किंवा बायको दिवसातून दहा वेळा उचलाउचल करते आणि वर्षभरात तिचीच पाठ धरते. तिच्या प्रकृतीची नोंद रुग्णाच्या कागदांवर नसते. ती असायला हवी, कारण ती थकली की त्याची त्वचा आणि मूत्राशय दोन्ही बिघडतात.

सामाजिक सहभाग मोजताना ‘महिन्यातून किती वेळा बाहेर पडता’ असे विचारतात. इथे त्याचा अर्थ डिसेंबरात तानसेन समारोह या संगीतोत्सवातल्या ढोलीबुवांच्या हरिकथेला जाता आले का, फालका बाजारातून स्वतः भाजी आणता आली का, असा होतो. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सुगम असणे बंधनकारक केले आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार जगभरात इजा झालेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण कामाविना आहेत, त्यामुळे ही तरतूद फार मोलाची. खेळांच्या बाबतीत मात्र ग्वाल्हेर आता पुढे आहे : दिव्यांग खेळाडूंसाठी अटल बिहारी प्रशिक्षण केंद्र ऑक्टोबर २०२३ मध्ये याच शहरात सुरू झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले, तेव्हा असे केंद्र देशात कुठेच नव्हते.