अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्ये नर्स आहात आणि क्वालिटीत जायचंय? पात्रता, परीक्षा, कागदपत्रं

हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवेत, घरोघरी व्हिजिट करून दोन-तीन वर्षं झाली की पहिला प्रश्न हमखास येतो: क्वालिटीत (सेवेचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) जायला वेगळं लायसन्स लागतं का? लागत नाही. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा नियम (४२ सीएफआर ४१८.५८) एवढंच सांगतो की गुणवत्ता कार्यक्रम, म्हणजे क्यूएपीआय, चालवण्यासाठी हॉस्पिसच्या नियामक मंडळाने एक किंवा अधिक माणसं नेमावीत. ती नर्सच असावीत, अमुक पदवीची असावीत, असं त्यात कुठेही नाही. त्यामुळे पात्रता ठरवते ती नेमणारी संस्था. जाहिरातीत सहसा राज्याचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स आणि हॉस्पिसचा अनुभव मागतात. सीएचपीएन (हॉस्पिस नर्सिंगचं प्रमाणपत्र) किंवा सीपीएचक्यू (आरोग्यसेवेतल्या गुणवत्तेचं प्रमाणपत्र) असेल तर प्राधान्य.

माझं मत विचाराल तर आधी सीएचपीएन करा. ही परीक्षा एचपीसीसी या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची. चालू, निर्बंध नसलेलं आरएन लायसन्स हवं आणि हॉस्पिस किंवा पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणाऱ्या) नर्सिंगचे गेल्या १२ महिन्यांत ५०० तास, नाहीतर गेल्या २४ महिन्यांत १००० तास. आठवड्याला ४० तास धरले तर ५०० तास साडेबारा आठवड्यांत भरतात. पर-डिएम (लागेल त्या दिवसापुरतं काम) करणाऱ्यांनी मात्र पे-स्टब घेऊन बेरीज करावी, अंदाजावर जाऊ नये. प्रश्न १५०, वेळ ३ तास, प्रमाणपत्र ४ वर्षांचं. एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) असाल तर सीएचपीएलएन ही वेगळी परीक्षा आहे.

अर्ज ऑनलाइन. लायसन्सचा नंबर आणि मुदत, तासांचा हिशेब आणि तो खरा असल्याचं सांगू शकेल अशा सुपरवायझरचा संपर्क हाताशी ठेवा. आपल्या मुली अडकतात त्या नावापाशी. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव, ड्रायव्हर्स लायसन्सवर मधलं नावच गायब. अर्जातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. आधी ओळखपत्रं दुरुस्त करून घ्या, मग फी भरा.

सीपीएचक्यू ही एनएएचक्यू या संस्थेची परीक्षा. शिक्षणाची वा अनुभवाची किमान अट नाही, म्हणून अर्ज सोपा आणि अभ्यास अवघड. दर २ वर्षांनी ३० तासांचं शिक्षण दाखवून ती नूतनीकृत करावी लागते.

अजून भारतात असाल तर क्रम वेगळा: पदवीची कागदपत्रं सीजीएफएनएस या संस्थेकडून (आता नाव ट्रूमेरिट) तपासून घेणं, एनक्लेक्स-आरएन (नर्सच्या लायसन्सची परीक्षा), व्हिसास्क्रीन (व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र). कॉलेज आणि कौन्सिलने कागद थेट पाठवायचे असतात, आपण पाकिटातून नेलेले चालत नाहीत.

आता खुर्चीवर बसल्यावर काय करायचं, तेही सांगते. चार्ट उघडायचा. मॉर्फिन सुरू झालं, पण सोबत पोट साफ राहण्याचं औषध लिहिलंय का? नसेल तर का नाही, याची नोंद आहे का? १ ऑक्टोबर २०२५ पासून रुग्णाच्या नोंदी मेडिकेअरला पाठवण्याचं जुनं साधन, एचआयएस, जाऊन होप हे नवं साधन आलं. त्यात वेदना किंवा धाप मध्यम वा तीव्र आढळली, तर दोन दिवसांच्या आत पुन्हा प्रत्यक्ष व्हिजिट हवी. शुक्रवारी संध्याकाळी ॲडमिशन झालं की ती व्हिजिट रविवारपर्यंत करायची, आणि वीकेंडला माणूस कोण, हा प्रश्न क्वालिटीच्याच टेबलावर येतो. ९० टक्के नोंदी ३० दिवसांच्या आत गेल्या नाहीत तर मेडिकेअरच्या वार्षिक दरवाढीतून ४ टक्केबिंदू कापले जातात. वरचे लोक तुमचं ऐकू लागतात ते इथून.

परीक्षेचा निकाल येईपर्यंत थांबू नका. आपल्या संस्थेत सुधारणेचा एखादा प्रकल्प (पीआयपी) चालू असतोच. त्यात नाव द्या. मुलाखतीला त्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे घेऊन जा. चार्टचं पान मात्र एकही नेऊ नका, नाव खोडलेलं असलं तरी नाही.