कायटोसान आणि जठराचे अस्तर

कायटोसान ही कोळंबी, खेकडा, शेवंड यांच्या टरफलांतील कायटिनापासून तयार होणारी बहुशर्करा, म्हणजे शर्करेच्या अनेक रेणूंची साखळी, आहे. जठराच्या अस्तराला चिकटून त्याचे रक्षण करण्याच्या गुणामुळे औषधशास्त्रात तिचा अभ्यास होतो.

कायटिन पहिल्यांदा सापडले ते मात्र टरफलात नव्हे, अळिंबीत. फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी १८११ मध्ये ते वेगळे केले. १८५९ मध्ये शार्ल रूझे यांनी ते तीव्र अल्कलीत तापवले, तेव्हा सौम्य अम्लात विरघळणारा पदार्थ हाती आला. त्याला ‘कायटोसान’ हे नाव १८९४ मध्ये मिळाले. कारखान्यातली कृती आजही फारशी वेगळी नाही : अम्लाने चुना काढायचा, अल्कलीने प्रथिने काढायची आणि उरलेले कायटिन संहत अल्कलीत तापवून त्यातील ॲसिटिल गट (अणूंचे छोटे समूह) तोडायचे.

या तोडण्याने रेणूवर ॲमिनो गट मोकळे होतात आणि सारा खेळ त्यांचाच आहे. पाण्यात न विरघळणारे कायटोसान जठररसात मात्र विरघळते, कारण तिथे या गटांवर धन प्रभार येतो. जे आम्ल अस्तराला जाळते, तेच या पदार्थाला कामाला लावते. अस्तरावरच्या श्लेष्मातील म्युसिन हे प्रथिन ऋण प्रभारित असते. दोघे एकमेकांना धरून ठेवतात आणि जखमेवर जेलचा पातळ थर बसतो. जठराच्या व्रणावर (अल्सरवर) दिले जाणारे सुक्राल्फेट हे औषधही असाच थर धरते, मात्र त्याचे रसायन निराळे.

ॲस्पिरिनसारखी वेदनाशामके आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू ही जठरव्रणाची मुख्य कारणे. कायटोसान या जिवाणूचा नायनाट करत नाही. त्यासाठी प्रतिजैविकेच लागतात. उंदरांमध्ये अल्कोहोल किंवा इंडोमेथॅसिन या वेदनाशामकाने केलेली इजा कायटोसानने कमी झालेली दिसते, पण प्रयोगातले उंदीर आणि वर्षानुवर्षे व्रण बाळगणारा माणूस यांत अंतर आहे. शिवाय श्लेष्म सतत नवा तयार होऊन जुना गळतो, तेव्हा त्याला चिकटलेला थरही फार काळ टिकत नाही. म्हणूनच औषध जठरात अधिक वेळ रेंगाळावे यासाठी वाहक म्हणून कायटोसानचा होणारा विचार जास्त पटण्याजोगा वाटतो.

कालवे, शिंपले अशा मृदुकाय प्राण्यांतील बहुशर्करांवरही संशोधन चालते. पण त्या प्रामुख्याने मांसल भागातून काढल्या जातात आणि त्यांची रचना जातीगणिक बदलते, त्यामुळे सगळ्यांना एकाच मापाने तोलता येत नाही.

कवचधारी जलचरांच्या ॲलर्जीला मुख्यतः ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कारणीभूत असते, कायटिन नव्हे. तरी शुद्धीकरण अपुरे राहिल्यास प्रथिनाचा अंश उरू शकतो. अशी ॲलर्जी असलेल्यांसाठी अळिंबीसारख्या बुरशीपासून बनवलेले कायटोसान हा पर्याय आहे.