बारा झटक्यांची रेघ: बायपोलर आणि कॉग्निटिव्ह थेरपी

बायपोलर म्हणजे मूड कधी उन्मादाकडे, कधी नैराश्याकडे झुकणारा आजार. त्यात कॉग्निटिव्ह थेरपीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या संवादातून होणाऱ्या उपचाराचा, शिरकाव झाला तो लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आडून. 1984 साली 28 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात सहा बैठकांचा हेतू एवढाच होता की गोळ्या मध्येच सुटू नयेत. 1999 मध्ये इंग्लंडमध्ये 69 रुग्णांना स्वतःची पूर्वलक्षणे ओळखायला शिकवले गेले. त्यामुळे उन्मादाचा पुढचा झटका लांबला. नैराश्याच्या झटक्यावर मात्र परिणाम दिसला नाही.

2003 च्या लंडनमधल्या चाचणीने आशा वाढवली. 103 रुग्ण, सगळ्यांची औषधे चालू, झटका ओसरलेला. थेरपीच्या गटाला सहा महिन्यांत 12 ते 18 बैठका मिळाल्या. झोपेच्या वेळा बांधून घेणे, मूडची रोज नोंद, उत्साह चढू लागला की नवी कामे अंगावर न घेणे, असा भर होता. वर्षभरात आजार उलटला तो 44 टक्क्यांत. नुसत्या औषधांवर असलेल्यांत 75 टक्क्यांत. पुढच्या दीड वर्षात हा फायदा टिकला नाही.

मग 2006 ची ब्रिटिश चाचणी आली: पाच केंद्रे, 253 रुग्ण, 22 बैठका. एकूण निकालात फरक शून्य. नंतर आकडे पुन्हा चाळताना दिसले की आधी बारापेक्षा कमी झटके आलेल्यांना फायदा झाला, जास्त आलेल्यांची स्थिती उलट थेरपी न मिळालेल्यांपेक्षा वाईट राहिली. पण म्हणून ‘बारा’ हा आकडा थेरपीच्या दाराला लावलेल्या कडीसारखा वापरणे चूक आहे. ही विभागणी मूळ आराखड्यातला प्रश्न नव्हती, निकालानंतर केलेली होती. शिवाय या चाचणीत झटका चालू असलेले रुग्णही घेतले होते, 2003 मध्ये तसे नव्हते. जुन्या रुग्णाला झटक्यांची संख्या नेमकी आठवते, हेही गृहीतच. 2009 च्या आढाव्यात झटक्यांच्या संख्येने परिणाम ठरतो याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. बारा झटके सोसलेल्या माणसाला थेरपी नाकारायला एवढा आधार पुरत नाही. विचारायचे ते हे: आत्ता झटका ओसरला आहे का, औषधे नियमित आहेत का, आणि चढत्या मूडचा मोह सोडायची त्याची तयारी आहे का. तो मोह असलेल्यांत थेरपीचा लाभ कमी दिसला आहे.

2007 मध्ये अमेरिकेत 293 नैराश्यग्रस्त रुग्णांवर नऊ महिन्यांत 30 पर्यंत बैठकांची सघन थेरपी (तीन प्रकारांची, कॉग्निटिव्ह हा त्यांतला एक) तोकड्या समुपदेशनापेक्षा सरस ठरली. 2012 मध्ये कॅनडात मात्र कॉग्निटिव्ह थेरपीच्या 20 वैयक्तिक बैठका आणि आजाराची माहिती देणारी सहा गटसत्रे यांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला, आणि सहा सत्रे कितीतरी स्वस्त होती.