पीएमपीओ आणि आरएमएस : ॲम्प्लिफायरचा खरा वॉट कोणता?

कापसाचा चुकारा हाती आला की आमच्याकडे बऱ्याच घरांत नवा ॲम्प्लिफायर येतो. जुना काढायचा, त्याहून मोठा घ्यायचा, हा नाद वर्षानुवर्षं चालतो आणि आवाज मात्र होता तिथंच राहतो. "भाऊ, किती वॉटचा हाय?" हा प्रश्न बरोबरच आहे. घोळ उत्तरात आहे. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या उच्चांकाचा असतो, आणि घरात वाजतो तो आरएमएस.

आरएमएस वॉट म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरला सलग देऊ शकतो ती ताकद. ती मोजायची रीत ठरलेली आहे. ८ ओमच्या लोडवर, म्हणजे तेवढा रोध असलेल्या स्पीकरवर, आवाज न फाटता २० व्होल्ट मिळाले, तर २० गुणिले २० भागिले ८, म्हणजे ५० वॉट. पीएमपीओला अशी सर्वमान्य रीतच नाही. क्षणभराचा उच्चांक धरा, आवाज फाटला तरी चालवून घ्या, सगळ्या चॅनेलांची (डाव्या-उजव्या स्पीकरच्या वाटांची) बेरीज करा, की झाला आकडा तयार. शंकरपटात बैल काही सेकंद जीव तोडून पळतो, त्या वेगानं दिवसभर वखरणी होत नाही. पीएमपीओ तर त्या धावेचाही फुगवलेला आकडा. जाहिरातींतले वॉट असे फुगले म्हणूनच अमेरिकेत १९७४ साली ॲम्प्लिफायरची ताकद कशी सांगायची याचा नियम करावा लागला.

खरं काय ते ट्रान्सफॉर्मर सांगतो. त्यावर १२-०-१२, ३ ॲम्पियर असेल तर दोन्हीकडचे बारा मिळून २४ व्होल्ट, २४ गुणिले ३, म्हणजे ७२ वॉट. सलग ताकद याच्या वर जाणं शक्यच नाही, आणि त्यातलाही मोठा वाटा उष्णतेत जातो. जोडणीच्या सेटमध्ये सर्रास दिसणारी ४४४० आयसी (आवाज वाढवणारी चिप) घ्या : दोन चॅनेलना प्रत्येकी ६ वॉट, ब्रिज केली, म्हणजे दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरला जोडले, तर १९. खोक्यावर हजार छापले म्हणून तिच्यातून विसावा वॉट निघत नाही.

त्यात आपल्या गावची लाइन. रात्री शेतातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या आणि २३० चे १८० व्होल्ट झाले, की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सेटची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या हिशेबानं घसरते. ५० वॉटचे जेमतेम ३० उरतात. आपण आवाज वाढवत जातो, लहरींचे माथे कापले जातात आणि ट्विटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो.

क्षणिक ताकदीला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तुकडोजी महाराजांच्या भजनातली खंजिरीची थाप हा एका क्षणाचाच उसळता आवाज आहे. ती थाप टणक ऐकू यायला ॲम्प्लिफायरला वर जागा लागते. पण ती जागा चांगल्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमधून येते, स्टिकरमधून नाही.

आणि खरे वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो ३ डेसिबल, कानाला थोडासाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. तेच ३ डेसिबल ८७ ऐवजी ९० सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटला जास्त डेसिबल देणारा) स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायर न बदलता मिळतात. म्हणून पैसे आधी स्पीकरात घाला. ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर दुकानदाराला विचारा : ८ ओमवर, प्रत्येक चॅनेलला, आरएमएस किती?