इट्स ऑलवेज फेअर वेदर (१९५५)

इट्स ऑलवेज फेअर वेदर हा हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा १९५५ सालचा म्युझिकल, म्हणजे नाचगाण्यांचा पिक्चर. डायरेक्शन जीन केली आणि स्टॅनली डोनन या जोडीचं, पटकथा आणि गाण्यांचे शब्द बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन यांचे, संगीत आंद्रे प्रेविनचं, आणि प्रोड्युसर आर्थर फ्रीड, म्हणजे ज्याच्या युनिटमधून त्या काळातले एमजीएमचे बहुतेक नावाजलेले म्युझिकल बाहेर पडले तोच. प्रेविन सोडला तर हीच सगळी टीम तीन वर्षं आधी सिंगिंग इन द रेनला होती. तो पिक्चर आज म्युझिकल न बघणाऱ्यालाही ऐकून माहीत असतो आणि हा म्युझिकलवाल्यांनासुद्धा आठवण करून द्यावी लागते. थिएटरात आपटला, स्टुडिओच्या हिशेबात साडेसोळा लाख डॉलरच्या वर तोटा लागला, आणि केली-डोननने यानंतर एकत्र एकही पिक्चर केला नाही. याला पुन्हा नीट बघायला हवं की पडला तो बरोबरच पडला, हा वाद तेव्हापासून अधूनमधून निघतो. या नोंदीपुरतं आधीच सांगून टाकतो, बघायला हवं, पण जे कारण नेहमी सांगतात त्या कारणासाठी नाही.

नावाचीही एक गंमत आहे. चार चांगले दोस्त जमले की बाहेर हवा कशीही असो, छानच वाटते, अशा अर्थाच्या जुन्या अमेरिकन पिण्याच्या गाण्यातून ते उचललंय. पिक्चर सांगतो बरोबर उलटं.

गोष्ट

१९४५ साल, महायुद्ध संपलंय, तीन सैनिक न्यूयॉर्कला परत येतात आणि थर्ड अव्हेन्यूवरच्या टिमच्या बारमध्ये बसतात. टेड (जीन केली), डग (डॅन डेली) आणि अँजी (मायकल किड). टेडला तिथेच प्रेयसीचं पत्र मिळतं की तिने दुसऱ्याशी लग्न केलं, मग काय, तिघं रात्रभर पितात, रस्त्यावर दंगा करतात, आणि निघायच्या आधी शपथ घेतात की दहा वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९५५ ला, याच बारमध्ये भेटायचं. एक डॉलरची नोट फाडून तिचे तीन तुकडे करून प्रत्येकजण एकेक खिशात ठेवतो.

दहा वर्षांनी तिघंही खरंच येतात. आणि इथे हा पिक्चर बाकीच्या म्युझिकलपासून वेगळा होतो, कारण तिघांना एकमेकांची तोंडं बघवत नाहीत. टेडने वकील वगैरे व्हायचं बोललेलं, तो झालाय जुगारी, जुगारात जिंकलेल्या एका बॉक्सरचा मॅनेजर म्हणून फिरतोय. डगला चित्रकार व्हायचं होतं, तो शिकागोत जाहिरात कंपनीत मोठा साहेब, पोटात अल्सर आणि लग्न मोडायच्या बेतात. अँजीला मोठा शेफ व्हायचं होतं, त्याचं न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी शहरात हॅम्बर्गरचं दुकान आहे आणि घर पोरांनी भरलंय. तिघं एका भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जातात, बोलायला विषय नाही, मग मागे स्ट्राउसचं ब्लू डॅन्यूब वाजत राहतं आणि प्रत्येकजण त्याच चालीवर मनातल्या मनात म्हणत राहतो की उगाच आलो, हा एवढा बोअर होता का आधीपासून, तो एवढा शिष्ट कधी झाला. कॉलेजच्या रियुनियनला जाऊन आलेल्या कुणालाही हा सीन बघताना पोटात कळ आल्याशिवाय राहणार नाही. एवढ्या गोड चालीवर एवढं कडू काही बसवलेलं हॉलिवूडमध्ये फार कमी सापडेल.

पुढे जॅकी (सिड चरीस) येते, ती टीव्हीवरच्या एका शोमध्ये काम करते, तिला वाटतं या तिघांना न सांगता लाइव्ह कार्यक्रमात समोरासमोर आणलं तर प्रेक्षक ढसाढसा रडतील आणि साबणवाला स्पॉन्सर खूश होईल. तेव्हा अमेरिकेत पाहुण्याला बेसावध गाठून त्याचं आयुष्य त्याच्याच समोर उलगडायचा दिस इज युअर लाइफ हा कार्यक्रम जोरात होता, त्याची ही सरळ टिंगल आहे. त्यात फिक्स केलेली बॉक्सिंगची मॅच, टेडच्या मागे लागलेले गुंड, आणि शेवटी कॅमेरा चालू असताना गुंडांच्या म्होरक्याने दिलेली कबुली आणि मग मारामारी. हा भाग पटकथेतला सगळ्यात स्वस्त माल. आधी एवढ्या बारकाईने मोडलेली दोस्ती चार ठोसे मारून जुळते हे पटत नाही, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

मुळात हा सिक्वेल होता

याच केली-डोननच्या १९४९ च्या ऑन द टाउनमध्ये तीन खलाशी (त्यातला एक केलीच) एक दिवसाच्या सुट्टीत न्यूयॉर्क पालथं घालतात. कॉम्डेन आणि ग्रीनच्या डोक्यात आलं की हीच तीन पोरं दहा वर्षांनी भेटली तर? त्यांना ते स्टेजवर करायचं होतं, केलीने पिक्चरकडे वळवलं. पण ऑन द टाउनमधले फ्रँक सिनात्रा आणि ज्युल्स मन्शिन काही आले नाहीत, मग खलाशांचे सैनिक झाले आणि नवी माणसं घेतली. डॅन डेली हा ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या म्युझिकलमधला मुरलेला हिरो, आणि मायकल किड तर नट नव्हताच, कोरिओग्राफर होता, आदल्याच वर्षी सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्सचे डान्स त्याने बसवलेले. सिनात्राचं नसणं हा तोटा धरतात लोक. मला उलट वाटतं. सिनात्रा असता तर पब्लिक त्याच्या गाण्याची वाट बघत बसलं असतं, इथे तिघंही नाचणारे आहेत म्हणून तिघांची बरोबरी राहते आणि पायांवर भरवसा ठेवून पिक्चर चालतो.

ऑन द टाउनचा काही भाग खऱ्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन शूट केलेला, ती हवा, ते ऊन पडद्यावर दिसतं. हा सगळा कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओच्या रस्त्यांवर. तो बंदिस्तपणा जाणवतो. पण गोष्टच तीन अडकलेल्या माणसांची असल्यामुळे खटकत नाही.

पडद्याचे तीन तुकडे

सिनेमास्कोप १९५३ ला आला, टीव्हीसमोरून उठवून लोकांना थिएटरात आणायला पडदा लांबच लांब केला, रुंदी उंचीच्या अडीच पटीहून जास्त. डान्स शूट करणाऱ्यांना हा पडदा डोकेदुखी वाटायचा, कारण एक माणूस नाचत असेल तर दोन्ही बाजूंना ओसाड जागा उरते. केली आणि डोननने त्यावर तीन माणसं ठेवली. सुरुवातीच्या दारूच्या रात्रीत तिघं एका टॅक्सीत आतून बाहेरून नाचतात आणि मग कचऱ्याच्या डब्यांची झाकणं एकेका पायात अडकवून टॅप करतात, म्हणजे पाय आपटून ताल धरत नाचतात, पत्र्याचा खणखणाट, तोल जाईल असं वाटतं आणि जात नाही, तिन्ही शरीरं लांब पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दोरीने बांधल्यासारखी. हा डान्स नुसता बघितला तरी पिक्चरची अर्धी वसुली होते.

मग दहा वर्षांनंतर वन्स अपॉन अ टाइम हे गाणं येतं, तिथे तोच पडदा तीन उभ्या भागांत कापलाय. तिघं तीन वेगळ्या जागी एकेकटे, एकच गाणं, त्याच स्टेप्स, एका तालावर, पण प्रत्येकजण आपल्या चौकटीत, आणि शेजारच्या चौकटीत आपला जुना मित्र तेच करतोय हे त्याला माहीत नाही. फाडलेल्या नोटेचे तीन तुकडे आठवतात का? तेच हे. गोष्टीत जे आहे ते पडद्याच्या आकारातून सांगितलंय, एका शब्दाशिवाय. माझ्या मते हा पिक्चर पुन्हा बघायचं खरं कारण हे आहे. लोक सांगतात की हा काळाच्या पुढचा होता, कडवट होता, म्हणून थोर. नुसता कडवटपणा कुणीही आणू शकतं हो, त्यात काय. रुंद पडद्याचं करायचं काय हा प्रश्न त्या काळात सगळ्यांना पडला होता, आणि म्युझिकलपुरतं त्याचं सगळ्यात हुशार उत्तर या पडलेल्या पिक्चरने दिलं.

आणि नशीब बघा. नंतर असे पिक्चर टीव्हीवर दाखवताना चौकोनी पडद्यात बसवायला बाजू कापायचे, जवळजवळ अर्धं चित्र उडायचं. तीन माणसांचा डान्स आणि पडद्यावर दीड माणूस! टीव्हीची टर उडवणाऱ्या पिक्चरवर टीव्हीने उगवलेला हा सूड म्हणायचा. पूर्ण रुंदीचा पिक्चर घरी बघायला मिळेपर्यंत घरी बसून बघणाऱ्याला यात काय मोठं आहे हे कळायला मार्गच नव्हता, तेव्हा मधल्या काळातली वाईट मतं जरा जपून घ्यावीत.

केलीचा स्केट्सवरचा डान्स जास्त फेमस आहे. गुंडांपासून पळताना तो स्केटिंगच्या हॉलमध्ये शिरतो, पायात चाकाचे स्केट्स तसेच ठेवून रस्त्यावर येतो, एक मुलगी आपल्यावर प्रेम करते म्हणजे आपण अगदीच टाकाऊ नसू हे त्याला उमगतं, आणि मग आय लाइक मायसेल्फ गात तो स्केट्सवर टॅप करतो. चाकांवर टॅप! सिंगिंग इन द रेनमधला पावसातला डान्स आणि हा शेजारी ठेवून बघा, दोन्हीकडे रस्ता, दोन्हीकडे एकटा माणूस आणि बघे, पण तिकडे माणूस प्रेमात पडून वेडा झालाय आणि इकडे चाळिशी ओलांडलेला माणूस स्वतःला माफ करतोय. वय वाढलं की दुसरा जास्त आवडायला लागतो, असा निदान माझा अनुभव.

बाकीचं पटापट. सिड चरीसला एकच डान्स मिळालाय, बॉक्सिंगच्या जिममध्ये, आडदांड पैलवानांमध्ये, तो झकास आहे, गाण्याचा आवाज कॅरल रिचर्ड्सचा. पण तिच्यासारखी नर्तकी घेऊन केलीबरोबर एक जोडीचा डान्स नाही हे अक्षम्य. शूट केला होता, कापला. किडचा एकट्याचा जॅक अँड द स्पेस जायंट्स हा लांबलचक डान्सही कापला, तो केलीला पसंत नव्हता, आणि त्यामुळे अँजी हे पात्र तिघांत सगळ्यात फिकं राहिलं. डोलोरेस ग्रे टीव्ही शोची तारका म्हणून येते आणि थँक्स अ लॉट बट नो थँक्समध्ये पुरुषांना गोळ्या घालत, जमिनीतल्या झडपांतून खाली पाडत गाते, तो पाच मिनिटांचा धुमाकूळ वेगळाच. डगचं दारू पिऊन जाहिरातवाल्यांच्या भाषेची नक्कल करणारं गाणं आजच्या कुठल्याही कॉर्पोरेट मीटिंगला लागू पडेल.

मग आपटला का

रिव्ह्यू वाईट होते म्हणून नाही, न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरसकट बऱ्याच जणांना तो आवडला होता, आणि ऑस्करची दोन नॉमिनेशन्सही होती, पटकथेला आणि संगीताला. पण स्टुडिओने त्याच्यामागे जोर लावला नाही, गाडीत बसूनच पिक्चर बघायच्या ड्राइव्ह-इन थिएटरांत बॅड डे ॲट ब्लॅक रॉकबरोबर एका तिकिटात दोन अशा जोडीत तो दाखवला गेला. अमेरिकेतल्या निम्म्याहून जास्त घरांत टीव्ही आलेला. त्याच वर्षी ओक्लाहोमा आणि गाइज अँड डॉल्स आले, ब्रॉडवेवर गाजलेल्या, गाणी आधीच लोकांच्या तोंडी असलेल्या नाटकांवरचे. पडद्यासाठी नव्याने लिहिलेल्या म्युझिकलवर पैसे लावायची हिंमत यापुढे कमी कमी होत गेली. आणि त्याच साली, त्याच एमजीएमच्या ब्लॅकबोर्ड जंगलने रॉक अराउंड द क्लॉक हे रॉक अँड रोलचं गाणं घराघरात पोचवलं, म्हणजे पोरं कुठे गेली तेही कळलं.

शिवाय खरं सांगायचं तर गाणी. प्रेविन तेव्हा पंचविशीतला, पुढे चार ऑस्कर मिळवले, मोठा ऑर्केस्ट्रा कंडक्टर झाला, पार्श्वसंगीत इथेही उत्तम आहे. पण थिएटरातून बाहेर पडताना गुणगुणावं असं गाणं यात एक नाही. आपण गाणी असलेलेच पिक्चर बघत मोठे झालेलो, आपल्याला हे लगेच कळतं, चाल तोंडात बसली नाही की बाकी कितीही भारी असो, माणूस दुसऱ्यांदा तिकीट काढत नाही.

सेटवर केली आणि डोनन यांचं पटेनासं झालं होतं. डोनन १९४० मध्ये ब्रॉडवेवर पॅल जोईच्या कोरसमध्ये नाचणारा पोरगा होता तेव्हा केली त्या नाटकाचा हिरो, तिथून दोघं एकत्र वाढले, पण आता डोननने एकट्याने सेव्हन ब्राइड्स सुपरहिट देऊन दाखवला होता आणि केली मात्र सेटवर त्याला अजून मदतनीसच समजत होता. जुने मित्र एकमेकांना सहन होत नाहीत अशा गोष्टीचा पिक्चर दोन जुने मित्र एकमेकांना सहन न होता बनवत होते. डोननने पुढे फनी फेस आणि शराड केले. केलीचं एमजीएममधलं राज्य दोनेक वर्षांत संपलं.

शेवटच्या सीनमध्ये तिघं परत टिमच्या बारमध्ये येतात, एकेक पेग होतो, सुरुवातीच्या निरोपाचीच धून वाजते. डगचं बायकोशी जुळलंय, अँजीला घरी जायचंय, टेडबरोबर जॅकी आहे. बाहेर रस्त्यावर येऊन तिघं निरोप घेतात आणि वेगवेगळ्या दिशांना चालायला लागतात.